बारशाला बांधलेला हात

माझी मुलगी सातव्या महिन्यातच झाली. काचेच्या पेटीतले आठवडे संपवून तिला नौपाड्यातल्या घरी आणायच्या दिवशी डॉक्टरांनी मला, नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून सांगितलं होतं, "शेवटच्या महिन्यांत, पोटात असताना, बाळाच्या हाडांत कॅल्शियम भरतं. हिला ते महिने मिळालेच नाहीत. हाडं कच्ची आहेत. औषधाचे थेंब चुकवायचे नाहीत आणि हातपाय ओढून मालीश अजिबात नको." सासूबाईंनी मान डोलावली. ती डोलावलेली मान आठवली की अजून माझं डोकं फिरतं.

घरी आल्यावर त्यांचं सुरू झालं. "काय गं ही काडी! अंग चोळल्याशिवाय हाड धरतं का कधी? माझी तिन्ही पोरं मालीशवरच वाढली." त्यांची तिन्ही पोरं पूर्ण दिवसांची, गुटगुटीत जन्मलेली, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. नवरा म्हणायचा, "आईला अनुभव आहे गं." मग डॉक्टरांना काय सांगायची हौस होती?

एका सकाळी मी आंघोळीला गेले आणि कळव्याहून मालीशवाली आली. आपसूक नाही आली. माझ्या आंघोळीची वेळ साधून बोलावली होती. नळाच्या आवाजातूनही मला ती किंकाळी ऐकू आली. ओल्या अंगावर गाऊन चढवून धावले, तर बाई पाटावर बसलेली, मुलगी तिच्या पसरलेल्या पायांवर, आणि दोन्ही हात छातीवर आडवेतिडवे करून खेचणं चाललेलं. सासूबाई शेजारी तेलाची वाटी धरून हसत होत्या. "रडू दे, छाती मोकळी होते."

एक्स-रेत दंडाचं हाड मोडलेलं दिसलं. हात अंगाशी बांधून आम्ही तिला घरी आणलं. दूध पाजायला उचललं तरी ती कळवळायची. सासूबाई देवापुढे दिवा लावून बसल्या आणि नवरा मला म्हणाला, "आईने काय मुद्दाम केलंय का?" मुद्दामच केलं होतं. मी आत जायची वाट बघून केलं होतं.

बारसं पुढे ढकलू या म्हटलं, पण कुणी ऐकलं नाही. डोंबिवलीहून मावससासूबाई आल्या, पाळण्यात वाकून त्यांनी तो बांधलेला हात पाहिला आणि हळहळल्या, "झोपेत तुझ्या अंगाखाली आली ना गं? ताई म्हणाली फोनवर. होतं असं, नवीन आईला कळत नाही."

माझा नुसता संताप संताप झाला. "नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. "सासूबाईंनी मला चोरून मालीश करवली. त्यात मोडला हात." नवरा "अगं, पाहुणे आहेत" म्हणत मला मागे ओढत होता. सासूबाई पदर तोंडाला लावून मटकन खाली बसल्या आणि घरातल्या सगळ्या बायका पाणी घेऊन त्यांच्याकडे धावल्या. पाळण्यापाशी मी एकटीच उरले.