बाराव्या पानावरचं वाक्य

शाळेतून निवृत्त झाल्यावर सात रस्त्याजवळच्या एका छोट्या कंपनीनं मला काम दिलं. शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायचं त्यांचं ॲप होतं; त्याची मराठी माहितीपुस्तिका मी लिहायची होती. तीस वर्षं मराठी शिकवलेली. भाषा भारदस्तच हवी, हा माझा हट्ट.

बाराव्या पानावर मी लिहिलं, 'स्वयंचलित पर्याय कार्यान्वित असल्यास वीजपुरवठा पूर्ववत होताच पंप पुनश्च सुरू होऊ शकतो, याची वापरकर्त्याने नोंद घ्यावी.'

ॲप तपासणारी मुलगी म्हणाली, "सर, हे कोर्टाच्या नोटिशीसारखं वाटतंय. माझे वडील पान उलटतील. सरळ लिहा की, लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते, हात घालण्याआधी ऑटो बंद करा."

"मग पुस्तिका कशाला? तुझ्या वडिलांना फोनच करू," मी म्हणालो. सगळे हसले. वाक्य तसंच छापलं गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात उजनीकाठच्या एका गावातून नवरा-बायको ऑफिसात आले. लाईट गेलेली असताना तिचा दीर मोटर आणि पंपाच्या जोडात अडकलेली दोरी काढत होता. मोटर बंद आहे ना, असं त्यानं ओरडून विचारलं. तिच्या हातातल्या फोनवर 'बंद' दिसत होतं. ती "व्हय" म्हणाली. तेवढ्यात लाईट आली, मोटर फिरली. दिराची तीन बोटं गेली.

कंपनीच्या मालकांनी मला बोलावलं. "सर, पुस्तकात आहे ना हे?"

"मी वाचलं व्हतं, सर," ती बाई म्हणाली. "दोनदा वाचलं. आपोआप सुरू व्हती, आसं कुटं दिसलं न्हाय."

ॲप तपासणारी मुलगी दाराशी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी पुस्तिका उघडली आणि वर्गात वाचावं तसं ते वाक्य खणखणीत वाचलं. "स्पष्ट लिहिलंय, बाई."

नवरा तिच्याकडे वळला. "ऐकलंस? धावीपतूर शिकलीस न्हवं तू?"

नव्या आवृत्तीत मी त्या मुलीचं वाक्य गुपचूप घातलं. त्या बाईला मात्र काहीच कळवलं नाही.

सहा वर्षं गेली. गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. नवरा आणि दीर ओट्यावर बसले होते, ती उंबऱ्यात. मी उभ्यानंच सांगितलं: वाक्य वाईट होतं, छापण्याआधीच मला तसं सांगितलं होतं, तरी सगळ्यांसमोर मी हिला खोटं पाडलं. दिरानं तो हात मांडीखाली सारला.

"आत्ता सांगताय व्हय, गुरुजी?" नवरा म्हणाला.

ती आत गेली आणि तीच पुस्तिका घेऊन आली. बारावं पान दुमडलेलं होतं. "हितं लिवा. आन् मोठ्यानं वाचा, तवा वाचलंत तसं."

मी समासात लिहिलं, 'चूक हिची नव्हती. हे पान कुणाला समजेल असं मी लिहिलंच नव्हतं.' खाली सही केली. मग हळू आवाजात वाचलं.

"ऐकू आलं न्हाय," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.