उटनूरच्या रविवारच्या वर्गातलं महाकाव्य

टक, टक, टक, टक, टक. पाच ठोके, मग जरा शांतता. पुन्हा पाच ठोके.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो एका रविवारी सकाळी, उटनूरच्या ज्युनियर कॉलेजात. मी तिथे अटेंडर होतो. घंटा, किल्ल्या, पाण्याचा माठ आणि पुस्तकांचं एक कपाट, एवढं माझं राज्य. वाटलं, कोणीतरी बाक ठोकून राह्यलं. हातोडी घेऊन मदतीला गेलो. पाहतो तर इंग्रजीचे नरसय्या सर एकटेच. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात डस्टर, आणि टेबलावर ठोके.

"सर, बाक मोडला का?"

"बाक नाही, मारोती. कविता आहे. हिच्या एका ओळीत पाच ठोके. सहावा पडला तर समज, सर चुकले."

मी हातोडी पाठीमागे लपवली!

त्या वर्गाचे किस्से माझ्याजवळ फार साठलेत. चहाला कोणी आलं की एक सांगतो, तो संपायच्या आत दुसरा दारात येऊन उभा राहतो. मी हळू बोलणारा माणूस, त्यामुळे दोन-तीन नेहमी बाहेरच राहून जातात. आज त्यांनाही आत घेतो. माझं शिक्षण चौथी, तेव्हा सांभाळून घ्या.

*

तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात होता. नरसय्या सरांची बोली तेलुगू, पण आमच्यात राहून मराठी चांगली यायची. खाजगी रीतीने एम.ए.ला बसणाऱ्या दोघांना ते रविवारी फुकट शिकवायचे.

एक शेषराव, तहसील कचेरीतले क्लार्क. दुसऱ्या वत्सलाबाई, प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. बाईंचे आईबाप दुसऱ्याच्या शेतावर राबलेले. बाईंचे बाकीचे सगळे पेपर सुटले होते, सरांच्या त्या ठोक्यांच्या इंग्रजी महाकाव्याचा एकच अडला होता. तो सुटला की लेक्चररची जागा मिळणार होती, पण मिळाली तर जिल्ह्याबाहेर. आणि त्यांचे यजमान माधव, त्यांचं टेलरिंगचं दुकान उटनूरच्या बस स्टँडजवळ. बाईंना न्यायला ते सायकल घेऊन यायचे आणि वर्ग सुटेपर्यंत पायरीवर माझ्याजवळ बसायचे. आम्ही दोघं कमी बोलणारे, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं.

काव्य म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचं, बायबलातल्या गोष्टीवरचं. देवाविरुद्ध एक देवदूत बंड करतो, हरतो, खाली फेकला जातो. मग सूड म्हणून देवाच्या बागेत शिरतो. बागेत पहिला माणूस आणि पहिली बाई. सगळं खा, पण एका झाडाला हात लावू नका, असा देवाचा हुकूम. बाई फसते, फळ खाते. मग माणूसही खातो. दोघांना बागेबाहेर काढतात.

हे सांगून सर म्हणाले, "आता आपल्या शब्दांत उत्तर लिहून आणा."

पुढच्या रविवारी शेषरावांनी उत्तर आणलं. वर "फैसला" असं लिहिलेलं! जमीन सरकारी. कब्जा अमुक दोघांचा. शर्त, एक झाड राखीव. मौक्यावर पाहणी केली असता फळ तोडल्याचं दिसून आलं. सबब शर्तभंग झाल्यामुळे बेदखल करण्यात येत आहे. खाली सही, आणि सहीखाली तारीख.

सरांनी दोनदा वाचलं. "शेषराव, सगळं बरोबर आहे. फक्त परीक्षक याला अपील करेल!"

*

सोनेराव नावाचे एक गोंड म्हातारे कॉलेजात मोहाच्या पत्रावळी द्यायला यायचे. एकदा वर्ग चालू असताना आले आणि पायरीवर टेकले. आत काय चाललंय, म्हणून विचारलं. मी हळूहळू सगळी गोष्ट सांगितली.

"एका झाडाले हात लावला म्हणून हाकललं?"

"हो."

"म्हणजे तो देव फॉरेस्टवाला होता!"

आत शेषराव इतके हसले की सरांचा ठोका चुकला. पण सोनेराव हसले नव्हते. त्यांनी विचारलं, "मंग गेले कुठी ते? रस्ता दाखवायले कोणी होतं का?"

हे मला माहीत नव्हतं. मी आत जाऊन विचारून आलो. सर म्हणाले, "होतं म्हणून सांग. एक देवदूत दोघांचे हात धरून त्यांना फाटकापर्यंत आणून सोडतो."

मी येऊन सांगितलं. सोनेरावांनी मान हलवली. "मंग बरा होता थो. आमच्याकडं तेवढंबी नाही करत."

*

मग टीकाकार आले. मी सरांना विचारलं, "टीकाकार म्हंजे कोण जी?"

"काव्य वाचून झालं की जे भांडायला बसतात, ते."

तीनशे वर्षं लोक भांडतायत! मोठं भांडण हे, की कवीने लिहायला घेतलं देवाची बाजू मांडायला, पण चांगली चांगली भाषणं दिली त्या बंडखोराला. म्हणून काही म्हणतात, खरा नायक तोच. कवी मनातून त्याच्याच पार्टीचा.

शेषराव म्हणाले, "याच्यात नवल काय सर? आमच्या कचेरीतबी साहेब फक्त आदेश वाचते. आयकावं तर युनियन लीडरचं!"

वत्सलाबाईंना ते पटेना. "तुमी पयल्या सर्गातच अडकून राह्यले भाऊ. पुढं पाहा. आधी थो सैन्यापुढं उभा राह्यते. मंग कुंपण उडून चोरावाणी आत येते. मंग बेडूक होऊन बाईच्या कानाशी बसते. मंग साप. प्रत्येक सर्गात लहानच होत जाते थो. भाषण नका पाहू, माणूस पाहा!"

सर खडू हातात धरून उभेच राहिले. "वत्सलाबाई, हे म्हणायला तिकडच्या पंडितांना फार वर्षं लागली."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी इलेक्शन आलं. बस स्टँडवर एका उमेदवाराची सभा. काय आवाज, काय हातवारे! अन्याय, लढा, शेवटच्या श्वासापर्यंत! लोक टाळ्या वाजवून राह्यले. आमचा वर्ग गर्दीत मागे उभा होता.

वत्सलाबाई हळूच म्हणाल्या, "सर, पयला सर्ग चालू आहे!"

सरांना तिथून निघून जावं लागलं. हसू आवरेना त्यांना.

*

त्या काव्याचा कवी आंधळा झाला होता. ओळी मनात रचायचा आणि सकाळी कोणी लिहून घेणारा आला की सांगायचा. हे सांगून सरांनी नियमच काढला. आठवड्याला वीस ओळी पाठ, डोळे मिटून म्हणायच्या.

वत्सलाबाई घरी म्हणायच्या, माधवभाऊंची घरची शिलाई मशीन चालू असताना. एका रविवारी वर्गात म्हणता म्हणता त्या अडकल्या. सर डस्टर धरून पुढच्या ओळीची वाट पाहत होते.  शेषरावांना तर स्वतःच्याच ओळी येत नव्हत्या.

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. माधवभाऊंनी पुढची अख्खी ओळ म्हणून दाखवली, इंग्रजीत! आणि बोटाने पायरीवर बरोबर पाच ठोके.

सर धावत बाहेर आले. "माधव, तुला इंग्रजी येतं?"

"नाही जी."

"मग अर्थ?"

"थोबी नाही. पण ही रोज याच जागी थांबते. मंग मी मशीन थांबवतो. तिले आठवलं की पुन्हा चालू करतो."

वत्सलाबाई इतक्या लाजल्या की त्या दिवशी उरलेल्या ओळी त्यांनी फळ्याकडे तोंड करून म्हटल्या.

*

सगळ्यात मोठं भांडण झालं ते त्या पहिल्या बाईवरून. शेषराव म्हणाले, "काहीबी म्हना, कसूर बाईचाच."

"हुकूम कोणाले दिला होता देवानं?" वत्सलाबाई.

"दोघायले."

"पुस्तक उघडा. माणसाले दिला. ती तवा जन्मलीबी नव्हती. तिले जे कळलं थे नवऱ्याच्या तोंडून. देवदूत सावध करायले आला, थोबी नवऱ्याजवळच बसून बोलला. आता तुमीच सांगा, तुमच्या तहसिलीत ज्याले नोटीस पोचली नाही, त्याच्यावर कारवाई चालते का?"

 शेषरावांचं नोकरीतलं इमान मोठं. म्हणाले, "नोटीस तामील झाली नसन, तर कारवाई रद्द!"

सर टाळी वाजवून हसले. मीही दारातून वाजवली.

बाईंनी हेच सगळं परीक्षेत लिहिलं. पहिल्या खेपेला गाईडातलं लिहिलं म्हणून नापास झाल्या होत्या. या खेपेला स्वतःचं लिहिलं, आणि पुन्हा नापास! शेषराव मात्र पास. त्यांनी तर गाईडातलंच लिहिलं होतं. पेढे वाटताना त्यांची मान खाली होती. म्हणाले, "बाई, परीक्षकाले नोटीस पोचली नाही वाटते."

सर म्हणाले, "तिसऱ्यांदा बसा. आधी टीकाकार काय म्हणतात ते लिहा, मग तुम्ही काय म्हणता ते. मुद्दे तेच ठेवा. ते सोन्यासारखे आहेत."

*

पुढचे तीन रविवार बाई आल्या नाहीत. चौथ्या रविवारी आल्या, तेव्हा हातात पुस्तकांचं गाठोडं होतं. माधवभाऊ फाटकाशी सायकल लावत होते, तेवढ्यात बाईंनी ते पायरीजवळच्या माझ्या टेबलावर ठेवलं.

"मारोतीभाऊ, कपाटातली पुस्तकं कपाटात ठेवून द्या. मी नाही बसत आता."

"नापास झाल्या म्हणून काऊन येवढं मनाले लावून घेता, बाई?"

"नापासाचं नाही, भाऊ. पास झाले तर काय, याचंच भेव वाटते." त्या फाटकाकडे पाहत होत्या. "अख्खं उटनूर याच्या हातचं शिवलेलं घालते. वऱ्हाडाचे कपडे घेऊन लोक खेड्याखेड्यातून येतात. परक्या गावात कोन वळखन त्याले? थो काही बोलणार नाही. आपूनच समजून घ्यावं."

 मी त्यांना माठातलं पाणी दिलं. सरांचा मान राखायला म्हणून त्या शेवटचं आत जाऊन मागच्या बाकावर बसल्या.

शेषराव पास झाले तरी यायचेच. ते त्या दिवशी कुरकुरत आले. "सर, मानसाची काही गंमतच आहे! माधवभाऊकडं प्यांटीचा कपडा घेऊन गेलो, तर घेतलाच नाही. म्हणे, हातातलं तेवढं शिवून देतो, नवीन काम धरत नाही, दुकान आवरून राह्यलो. दुसरा टेलर पाहा म्हणे!"

मागच्या बाकावर वत्सलाबाईंनी मान वर केली.

सर शिकवायला लागले. ठोके नव्हते त्या दिवशी, नुसतं बोलणं होतं. बाईने फळ खाल्लंय. ती माणसाकडे येते. त्याला कोणी फसवलेलं नाही. खाल्लं तर बाग जाणार, सगळं जाणार, हे त्याला पक्कं माहीत आहे. तरी तो खातो. टीकाकारांची इथे हाणामारीच आहे. एक म्हणतो, बायकोच्या मोहात पडला, दुबळा निघाला. दुसरा म्हणतो, हे प्रेम, दुसरं तो काय करणार? तिसरा म्हणतो, आधी देवाला विचारायचं होतं.

"दरखास्त द्याची होती," शेषराव म्हणाले. "फैसला लागेपर्यंत तरी बागेत राह्यला असता."

सर हसले आणि दारातून पायरीकडे पाहिलं. "माधव, शेषराव-वत्सलाबाईंचं भांडण नेहमीचंच आहे. आज तू सांग. बाग सोडावी लागणार, हे त्याला माहीत होतं. मग का खाल्लं त्याने?"

माधवभाऊ उठले. पँट झटकली. माझ्या टेबलावरचं गाठोडं त्यांनी उचललं, सैल झालेली गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. सायकलच्या कॅरियरवर ठेवून दोरीचे दोन वेढे दिले, ओढून पाहिलं, पुस्तकं हलत नाहीत ना. मग हँडल धरून, सायकलवर न बसता, हळूहळू फाटकाबाहेर घराच्या रस्त्याने चालत गेले. पुस्तकं ठेवायला काढलेली कपाटाची किल्ली मी परत खिशात टाकली.