श्रावणातला पगार

हेमंतातल्या कोवळ्या उन्हात ताडपत्री वाळत पडली की तिच्यातून गुळाचा मंद, किंचित करपट गंध दरवळू लागतो, त्यामागोमाग डिझेलचा उग्र दर्प येतो, आणि माझे धाकटे दीर युवराज घरी आल्याची वर्दी आमच्या मंगळवार पेठेला अशी आधी नाकावाटेच मिळते. ते कोल्हापूरचा गूळ ट्रकने गुजरातेत नेतात. महिन्याला किती मिळतं, याचं सरळ उत्तर मात्र त्यांच्या सख्ख्या आईलाही कधी मिळालेलं नाही.

नेमका हाच प्रश्न त्यांच्या लग्नाच्या आड आला. ड्रायव्हर म्हणून दोन स्थळांनी आधीच पाठ फिरवली होती, आणि गारगोटीची अश्विनी तर त्यांच्या फारच मनात भरलेली. हे जमावं म्हणून मी अंबाबाईला नवस बोलले होते. मुलीचे वडील म्हणजे उभी हयात दूध संस्थेत एक तारखेच्या पगारावर काढलेले गृहस्थ. स्थळ आणलेल्या युवराजांच्या मामांनी त्यांना फोनवरच पगाराचा आकडा सांगून टाकला होता. तो खोटा नव्हता, फक्त दिवाळीनंतर गुऱ्हाळं धडाडतात त्या दिवसांतला होता. आणि हे युवराजांच्या कानावर घालायला मामा साफ विसरले.

मग एके दिवशी वडील अश्विनीला घेऊन आमचं घर बघायला आले. चहा आला आणि वडिलांनी विचारलं, "पगार किती म्हणायचा तुमचा?"

"कंच्या म्हैन्याचा?" युवराज निरागसपणे म्हणाले. मामांच्या हातातली खारी चहात बुडाली ती बुडालीच.

मग आमच्या दिरांनी उत्साहाने जे विवेचन केलं, ते ऐकताना मला दरदरून घाम फुटला. मूळ पगार नुसता पाया. खरी इमारत खेपेच्या भत्त्याची. खेप लांबची तर भत्ता घसघशीत, जवळची तर बेताचा. परतीचा माल लगेच मिळाला तर नशीब फळफळलं, नाही तर परमुलखात रिकाम्या गाडीच्या सावलीत बसून राहायचं आणि त्या बसण्याचं कुणी काही देत नाही. वाचवलेल्या डिझेलमागे मालक खूश, घाटात टायर फुटला की नाखूश. एवढं सांगून त्यांनी आकडा दिला तो श्रावणातला, गुळाची आवक थंडावते तेव्हाचा.

"म्हंजे मामा खोटं बोललं, का तुमी?" वडिलांनी विचारलं.

"दोगंबी खरंच बोललोय की," युवराज म्हणाले.

वडिलांनी उठायच्या बेताने टोपी सारखी केली. मला मामांचा असा संताप आला की त्यांना दुसरा चहा द्यायचाही मी टाळला. तेवढ्यात, इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या अश्विनीने थेट युवराजांनाच विचारलं, "घरात कवा असता तुमी?"

युवराज विचारात पडले. "पैसं कमी मिळत्यात तवा."

ती खळखळून हसली. वडिलांनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

यंदाच्या श्रावणात अंगणात ऊन-सावलीचा खेळ चालू होता, दारात रिकामा ट्रक निथळत उभा होता आणि युवराज ओसरीवर पाय पसरून घोरत होते. "ह्यो म्हैना लई वाईट चाललाय बगा, अक्का," अश्विनी मला म्हणाली, आणि गालातल्या गालात हसत तिने तव्यावर आणखी एक भाकरी टाकली.