न भिजवलेलं कापड

दुकानात तिला सगळे ‘पलीकडची’ म्हणत. तेविसाव्या वर्षी लग्न होऊन ती सीमेच्या अलीकडे आली, आता पंचेचाळिशी उलटली, तरी ती पलीकडचीच राहिली. सासूने पहिल्याच आठवड्यात साखरेचा डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला होता, कारण पलीकडचे लोक गोड फार खातात असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. सुनेला गोड आवडतच नव्हतं. पण एकदा फळीवर गेलेला डबा सासू जिवंत असेपर्यंत खाली आला नाही.

अलीकडच्यांच्या मते पलीकडचे आळशी, गबाळे, वेळ न पाळणारे आणि विसराळू. पलीकडच्यांच्या मते अलीकडचे म्हणजे पट्टीने मोजून हसणारे. पलीकडचीची आई लेकीला निरोप देताना म्हणाली होती, “तिथे कुणाला मिठी मारू नकोस गं, ते आधी खिसा चाचपतील.” आईचंही फारसं चुकलं नव्हतं.

ती काम करायची ते शिंप्याचं दुकान एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. लांबट खोली, खिडकीच्या बाजूने पाच मशिनी, मधोमध कटिंगचं मोठं टेबल, आणि कोपऱ्यात स्टुलावर काजवाली. काजवाली म्हणजे हाताने बटणांची काजं करणारी बाई. पलीकडचीच्या वयाची, तोंडाने फटकळ, आणि जेवणाच्या सुट्टीत दोघी एकाच बाकावर बसायच्या.

टेबलाशी म्हातारे मास्तर उभे असत. त्यांनीच पलीकडचीला मशीनवरून उठवून कापायला शिकवलं. पलीकडच्या शिंप्यांची एक पद्धत तिच्या हातात होती : शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडायचं. शिंपी त्याला माया म्हणतात. पलीकडे अंगरखा थोरल्याकडून धाकट्याकडे जातो, माणूस जाडा होतो, बारीक होतो, म्हणून कपडा उसवून मोठा करता आला पाहिजे. इकडे माया अर्ध्या बोटाची, शिवण चापून बसलेली. मास्तरांनी दोन्ही पद्धती पाहिल्या आणि ते गिऱ्हाईक पाहून ठरवू लागले.

तिची आणखी एक खोड होती. पलीकडे मोठ्या माणसाची चूक त्याच्या तोंडावर सांगत नाहीत. समोर जी वस्तू असेल तिला सांगतात, ऐकायचं ते माणूस ऐकतो. मास्तर मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, खोल आखायला लागले की ती हातातल्या कातरीला म्हणायची, “बाई गं, जरा वरून जा, नाहीतर हात वर केला की कोट कानाला लागेल.” मास्तर खडू पुसायचे, वरून आखायचे आणि म्हणायचे, “कातर हुशार आहे तुमची, बाई.” मालकही एकदा हे ऐकून हसले होते. मास्तरांचे डोळे अधू व्हायला लागले तेव्हा मालक सगळ्यांसमोर म्हणाले, “मास्तरांनंतर टेबल हिचं.” त्या दिवशी ती घरी चालत गेली नाही, तरंगत गेली. एकोणीस वर्षं मशीनवर पाय मारल्यावर तिला उभ्याने काम करायचं होतं. बस, एवढंच तिचं मागणं होतं.

मास्तर गेले आणि टेबलावर आला मालकांचा जावई.

जावयाने कुठल्याशा संस्थेतून सहा महिन्यांचं कटिंग शिकून घेतलं होतं. प्रमाणपत्र चौकटीत घालून आणलं होतं आणि आल्या आल्या भिंतीला खिळा ठोकून लावलं. मालकांनी पलीकडचीला बाजूला घेऊन सांगितलं, “घरचा मामला आहे, समजून घे.” तिने समजून घेतलं. मनात ठेवलं आणि मशीनवर जाऊन बसली.

जावई तिच्याहून बारा वर्षांनी लहान होता, पण पहिल्या दिवसापासून तिला “ए पलीकडची” म्हणून हाक मारायचा. त्याच्याकडे पलीकडच्यांवरचे विनोद पोत्याने होते. पलीकडच्या माणसाला घड्याळ कशाला लागतं? मनगट झाकायला. पलीकडच्या बाईने पोळी करपवली तर काय म्हणते? तवा नवीन आहे. दिवसाला एखादा ठीक होता, पण हा गिऱ्हाइकाचं माप घेता घेताही सांगायचा, आणि शेवटी तिच्याकडे बोट दाखवायचा, म्हणजे नमुना समोरच बसलेला आहे.

तरी ती बोलायची थांबली नाही. कापड फुकट गेलेलं तिला बघवायचं नाही. एकदा त्याने एका जाडजूड वकिलाचा कोट पोटावर अगदी बेताचा आखला, तेव्हा सवयीने तिच्या तोंडून गेलंच. ती कातरीला म्हणाली, “बाई, हे साहेब बसले की बटण उडेल गं.”

जावई थांबला. वकील तिथेच उभा होता. जावयाने तिची कातर उचलली, डोक्यावर फडकं ओढून घेतलं, आणि कातरीला कडेवर घेऊन, तिच्यासारखी मान हलवत, तिचा तो पलीकडचा हेल काढून म्हणाला, “बाई गं, सोन्या गं, मला अक्कल नाही गं, पण मी शिकवते हो!” वकील हसला. चारही मशिनींवरच्या बाया हसल्या. काजवाली तर अशी हसली की तिच्या तोंडात धरलेला दोरा खाली पडला.

हसणं ओसरल्यावर जावई म्हणाला, “हे इकडे चालणार नाही. इकडे जे असेल ते सरळ तोंडावर बोलायचं.”

मग तीही सरळ बोलली. “साहेब, कोट पोटावर दीड इंचाने कमी आखलाय.”

“तू मला शिकवणार?” तो म्हणाला. “मशीनवरच्या बाईने कापडाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आणि तुमची ती माया यापुढे अर्ध्या बोटावर एक धागाही नको. पलीकडचा गबाळेपणा बंद.”

तिने मान खाली घातली. कान तापले होते, पण डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. होता तो निव्वळ राग, आणि तो रात्रीत विरघळणारा नव्हता. तिने त्याच दिवशी ठरवलं की याचं उट्टं काढायचं. कसं, ते ठाऊक नव्हतं. घाईही नव्हती.

सहा महिने गेले. मग नवीन हॉटेलचं काम आलं : वेटरांचे पंचावन्न कोट. उद्घाटन तोंडावर होतं. जावई कुठून तरी कापडाचे तागे घेऊन आला, स्वस्तात मिळाले म्हणून मिशीत हसत. पहिला तागा टेबलावर उलगडला आणि पलीकडचीच्या नाकाला वास गेला. तिने न बघताच ओळखलं. तिच्या माहेरच्या गिरणीची खळ होती ती. तिचे वडील तीस वर्षं त्या खळीच्या हौदापाशी उभे होते आणि घरी येताना अंगाला तोच वास घेऊन यायचे.

इकडच्या गिरण्या कापड आटवून मगच बाजारात धाडतात. पलीकडच्या गिरण्या कोरं देतात. पलीकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं की कापड आणलं की आधी दोन दिवस पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, मग कातर लावायची. नाही तर पहिल्या धुण्यात हातभर कापड चार बोटं आत येतं. इकडच्या माणसाला हे कसं ठाऊक असणार? तो दुकानातून थेट टेबलावर नेतो.

जावयाने खडू हातात घेतला.

खोटं कशाला सांगा, तिच्या जिभेवर वाक्य आलं होतं. तीन शब्दांचं काम होतं : आधी भिजवा हे. पण तेवढ्यात जावई कापडावर हात फिरवत म्हणाला, “ए पलीकडची, बघून घे, कापड असं असतं. तुमच्याकडे गोणपाट नेसतात ना?” मशिनींवरच्या बाया पुन्हा हसल्या. तिने ते तीन शब्द गिळले, आणि इतक्या समाधानाने गिळले की तिला स्वतःचं नवल वाटलं.

अकरा दिवस काम चाललं. तिने एकेक कोट असा शिवला की नाव ठेवायला जागा नाही. शिवण सरळ, कॉलर ताठ, माया बरोबर अर्धं बोट. जावयाने तिची पाठ थोपटली, “सुधारलीस.” कोपऱ्यात काजवाली डोळ्यांना चष्मा लावून काजं करत होती. एका कोटाला सहा, पंचावन्न कोटांना तीनशे तीस. संध्याकाळी ती बोटं गरम पाण्यात बुडवून बसायची. पलीकडचीने ते रोज पाहिलं आणि तिलाही काही सांगितलं नाही.

उद्घाटन थाटात झालं. चौथ्या दिवशी कोट धुलाईला गेले, सहाव्या दिवशी हॉटेलातून निरोप आला. जावई गेला, आणि गठ्ठे आणायला म्हणून तिलाही सोबत घेऊन गेला. देवच पावला म्हणायचा.

हॉटेलच्या मागच्या दालनात मॅनेजरने पंधरा-वीस वेटर ओळीने उभे केले होते. सगळ्यांच्या बाह्या मनगटाच्या वर चार बोटं. कुणाचं पोटावरचं बटण लागत नव्हतं, कुणाच्या पाठीची शिवण तडकली होती. एका उंच वेटरने हात पुढे केला, तर कोट कोपराकडे निघाला. मॅनेजर हाताची घडी घालून नुसता जावयाकडे बघत होता. जावई एकेकाची बाही धरून खाली ओढत होता, जणू ओढल्याने लांब होईल. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता. ओळीतला एक वेटर फिसकन हसला आणि मग सगळेच हसले. पलीकडची दाराशी गठ्ठा धरून उभी होती. तिने ते सगळं डोळे भरून पाहिलं. मुलीच्या लग्नातसुद्धा तिने इतकं मन लावून काही पाहिलं नव्हतं.

दुपारी मालक दुकानात आले. जावई म्हणाला, “बायांनी शिवण आवळली.” मालकांनी एक कोट उलटा केला, कापड बोटांत चोळलं, हुंगलं. चाळीस वर्षं धंद्यात घालवलेला माणूस होता. त्यांनी जावयाकडे न बघता तिला विचारलं, “हे कापड तुला माहीत होतं?”

‘नाही’ म्हणाली असती तर टेबल तिचं होतं. ते तिलाही कळत होतं, कारण जावयाच्या गळ्यातला टेप मालकांनी आधीच काढून हातात घेतला होता. पण नाही म्हटलं तर जावई जन्मभर हेच समजला असता की आपलं नशीब फुटकं. हे कुणी केलं, ते त्याला कळायलाच हवं होतं.

ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “माहीत होतं. पहिला तागा उलगडला तेव्हाच.”

जावयाचं तोंड उघडं राहिलं. तेवढं पुरलं तिला.

मालकांनी टेप गुंडाळून खिशात टाकला. मग म्हणाले, “याला मी टेबलाजवळ उभा करणार नाही. आणि तुला दुकानात ठेवणार नाही. याची चूक मी सोसेन, तुझं गप्प बसणं मला झेपायचं नाही.”

तिने वाद घातला नाही. मशीनवर खोळ घातली, डबा उचलला, चपला पायांत सरकवल्या. टेबलाजवळून जाताना त्यावर एकदा हात फिरवावासा वाटला, पण तिने तो पदरातच ठेवला.

जिन्यावर मागून काजवाली आली. रेलिंग धरून उभी राहिली. बोटांना पट्ट्या बांधल्या होत्या.

“तीनशे तीस काजं,” ती म्हणाली. “सगळी कचऱ्यात. तुझं वैर त्याच्याशी होतं. मी काय केलं होतं तुझं? मला तरी कानात सांगायचंस.”

“तू हसलीस,” पलीकडची म्हणाली.

काजवाली आठवत राहिली. कपाळाला आठ्या घालून तिने खरोखर आठवून पाहिलं.

“कधी गं?” तिने विचारलं.