कापलेला हातमोजा

पोलीस ठाण्यात पंचांसमोर टेबलावर ठेवलेला तो नवाकोरा हातमोजा आजही आठवतो.

लोणी काळभोरकडच्या एका वर्कशॉपमध्ये लोखंडी पाइप घसरून एका कामगाराचा पंजा चिरडला होता. मालकाचा जबाब ठाम होता. "मार सोसणारे भारी मोजे दिले होते. यानं घातलेच नाहीत." पुरावा म्हणून त्याने न वापरलेला जोड हजर केला. दोष कामगाराचाच, असे तपास अधिकारी म्हणून मीही धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी कामगाराची बायको ठाण्यात आली. मूळची अमरावतीकडची. "साहेब, मोजा हातात व्हता जी. डाक्टरनं कैचीनं कापून काढला. म्या पाह्यलं."

जखमीचे कपडे रुग्णालयात पोलिसांसाठी बांधून ठेवतात. हवालदाराने ते गाठोडे आणले. त्यात कापलेला, रक्ताळलेला मोजा निघाला. पाठीवर नव्यासारख्याच जाड रबरी पट्ट्या. बिबवेवाडीतल्या सुरक्षासाहित्याच्या दुकानदाराला बोलावले.

"रबर बघू नका साहेब, छाप बघा. ढाल-हातोडीच्या चिन्हाखाली आकडे आहेत. शेवटी इंग्रजी पी असेल, तर बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांवर मार सोसण्याची चाचणी पास. नव्यावर आहे. या कापलेल्यावर नाही. हे रबर नुसतं शोभेला."

"आणि बोटं?"

"त्यांची हमी पीसुद्धा देत नाही."

मालकापुढे दोन्ही मोजे ठेवले.

"सारखेच तर आहेत," तो म्हणाला.

"मग पीवाले कोण घालतं?"

"तपासणीला कोणी आलं, की काढतो."

"म्हणजे शोकेसमधल्या कपबश्या!" हवालदार म्हणाला.

झडतीत पीवाले जोड कपाटात सापडले. गुन्हा मालकावर दाखल झाला.

कामगाराला हे सांगायला रुग्णालयात गेलो. त्याने विचारले, "पी असता तं हात वाचला असता काय?"

"सांगता येत नाही. पाइपचं वजन फार होतं. पण चूक तुमची नव्हती, हे कागदावर आलं."

"लय झालं. आता तुमच्या बंदोबस्तातल्या पोरायचे मोजे पाहून घ्या, साहेब."

ठाण्यात परतून बंदोबस्ताच्या साहित्याचे कपाट उघडले. जाड रबराचे, रुबाबदार मोजे. एकेक उलटून पाहिला. पी एकावरही नव्हता. ते सगळे मी त्याच दिवशी परत पाठवले.

तेव्हापासून कोणतीही वस्तू नुसत्या रूपावरून पास करत नाही. मालकाविरुद्धच्या दोषारोपपत्रावर मी बेधडक सही केली. आमच्या मोज्यांच्या वाटपावरही माझीच सही होती. ती कोणी तपासली नाही, म्हणून इथे सांगितली.