बैठकीतील वाळवंट

श्रीगजाननाचे स्मरण करून आज अक्षय्य तृतीयेच्या पूजेला बसलो, आणि पंचामृतातील मधाच्या गंधाने सेलूच्या नव्या घराची वास्तुशांत आठवली. त्या दुपारी होमाचा धूर अजून विरला नव्हता, तोच सुनेने बैठकीच्या मोठ्या भिंतीवर स्वतः काढलेले छायाचित्र लावले. राजस्थानातील वाळवंट होते ते. कोवळ्या उन्हात उजळलेली वाळूची टेकडी आणि तिच्यावर वाऱ्याने उमटवलेल्या नाजूक वळ्या. माझी धाकटी बहीण कडाडली, "अगं, आमी इथं टँकरची वाट बघायलोत, आन् तू घरात वाळवंट टांगायलीस? काढ ते! दादा, तुमीच सांगा हिला." "आत्या, या घरासाठीच जपून ठेवला होता हो हा फोटो," असे म्हणत सुनेने डोळे पुसले आणि चौकट उतरवायला हात वर केला. "थांब बाळ," मी म्हणालो. "सकाळी देवाला मधाचे स्नान घालताना आपण जो मंत्र म्हटला, त्यात पृथ्वीची धूळही आम्हांस मधुर होवो, अशी प्रार्थना आहे. पूजेत जिला मागितले, तिला भिंतीवरून कसे उतरवायचे?" बहीण हसली. "असं व्हय! मग ऱ्हाऊ द्या. पण पोरी, पुढच्या बारीला गोदामाईचाबी एक फोटू आण." सुनेचा रोखलेला श्वास सुटला, आणि माझाही. आजही ती वाळू त्या भिंतीवर तशीच उजळते आहे. वाचकहो, तुमच्या अंगणातील धुळीचा कणन् कण तुम्हांस आणि तुमच्या घरच्यांस मधुर होवो.