बाहीची गुंडी

आमच्या लॅबच्या एका नियमाची मला चीड आहे, ती एका माणसामुळे. त्यांना मोटर न्यूरॉनचा, हातापायांचे स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार होता; त्यावरच्या संशोधनासाठी ते दर तीन महिन्यांनी फुलंब्रीहून रक्त द्यायला यायचे. सुई निघाली की बाहीची गुंडी स्वतःच लावायचे; कितीही वेळ लागला तरी कुणाला हात लावू देत नसत.

चौथ्या खेपेला गुंडी लागेचना. त्यांनी विचारलं, "मागच्या रक्तात तुम्ही मोजता ते प्रोटीन वाढलं का?"

आकडा माझ्यासमोर कॉम्प्युटरवर होता. वाढला होता, म्हणजे आजार वेगानं पुढे सरकत होता.

"पेशंटला सांगायचा नियम नाही, काका."

"रक्त माझं, अन् गुपित तुमचं व्हय?"

मग पहिल्यांदाच त्यांनी बाही माझ्यापुढे केली. मी गुंडी लावली.

नियम करणाऱ्यांना मी आजही शिव्या घालतो. पण त्या दिवशी तोंड माझंच बंद होतं.